मिटलेल्या गुन्ह्याचा कागद

सकाळी 8. पनवेलमधलं माझं ऑफिस उघडायच्या आधीच एक आई आपल्या मुलाला घेऊन दारात उभी. पोरगा 22 वर्षांचा, नव्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम मिळतंय. 17 वर्षांचा असताना शिमग्यातल्या मारामारीत त्याचं नाव आलं होतं. बाल न्याय मंडळाने समज देऊन सोडलं, पण आता पडताळणीत तेच प्रकरण वर आलंय.

"मॅडम, तेव्हा तर सांगितलं होतं, मिटलं म्हणून."

मिटलंच आहे. 2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 म्हणतं, अपिलाची मुदत संपली की दोषसिद्धीचे कागद नष्ट करा. कलम 74 तर निकाली प्रकरणाची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी द्यायलाच पोलिसांना मनाई करतं. प्रौढ म्हणून खटला चाललेली अतिगंभीर प्रकरणं तेवढी कलम 24मधून वगळली आहेत. इतका माणुसकीचा कायदा आपल्याकडे आहे आणि तो मागावा लागतो, याचा मला संताप येतो.

9.30. मंडळापुढचा अर्ज लिहिते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात निवड झालेल्या रमेश बिष्णोई यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये दिलेला निकाल सोबत जोडते. लहानपणीचं प्रकरण नोकरीच्या आड आणता येत नाही, हे तिथे स्पष्ट झालंय.

11. कोर्ट. दोन तारखा, एक पुढे गेली.

12.30. नक्कल विभागापाशी एक अशील भेटतात, नुकतेच निर्दोष सुटलेले. "आता फॉर्मवर 'गुन्हा नाही' असं लिहू ना?" नाही, काका. अवतार सिंग प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की विचारलेली माहिती खरी द्यायची, सुटका झाली असली तरी. 'गुन्हा दाखल होता, निर्दोष मुक्तता' असं लिहा, निकालाची नक्कल जोडा. त्यांचा चेहरा उतरतो. प्रौढांसाठी जुनी नोंद पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. 1958च्या परिवीक्षा कायद्याने दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता टळते, नोंद मात्र राहते. किरकोळ गुन्ह्यानंतर वर्षानुवर्षं सरळ जगलेल्या माणसाला यापेक्षा जास्त मिळायला हवं.

3. शेजाऱ्यांचं भांडण, आता समेट झालाय. गुन्हा रद्द करायला मुंबई उच्च न्यायालयात अर्ज: पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 482, जुलै 2024पासून नव्या संहितेचं 528. फिर्यादी बाईंचं प्रतिज्ञापत्र त्यांना सावकाश वाचून दाखवते. दबावाखाली सही नको. खून-बलात्कारासारख्या गुन्ह्यांत असा समेट चालत नाही, हे 2012पासून पक्कं आहे.

5.30. दुसऱ्या एका प्रकरणातला गुन्हा रद्द झाल्याचा आदेश घेऊन पोलीस ठाण्यात. पनवेलचं न्यायालय रायगड जिल्ह्याचं, पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. आदेश आपोआप पोचेल यावर मी विसंबत नाही. आवक शिक्का घेते, संगणकातली नोंदही बदला असा वेगळा अर्ज देते. अंमलदार म्हणतात, "पंधरा दिवसांनी या." तारीख डायरीत लिहिते.