अडसालीहून लांब पीक

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला वाट पाहायला शिकवावं लागत नाही. जुलै-ऑगस्टात लावलेला अडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तोवर पैसा नुसता जात राहतो. पण माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस गेला, की १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने बांधून दिलेला किमान भाव, द्यायची, असं कायदा सांगतो. (पाळला किती जातो, हा निराळा विषय.) आता इथल्याच एखाद्या पोराने घरी बसून स्वतःचा व्हिडिओ गेम करायचं ठरवलं, तर? पीक दोन-तीन वर्षांचं, आणि भाव बांधून देणारं कुणी नाही.

गंमत म्हणजे अवजारं जवळपास फुकट आहेत. गोडो हे गेम इंजिन आणि त्रिमितीय चित्रांसाठीचं ब्लेंडर, दोन्हींना एक पैसा लागत नाही. ‘स्टीम’ या जगभर चालणाऱ्या ऑनलाइन दुकानात गेम मांडायला १०० डॉलर. खरा खर्च असतो माणसाच्या जेवणाचा, विजेचा आणि सोडून दिलेल्या पगाराचा. तो सगळा पहिल्या प्रतीतच ओतला जातो. दुसरी काय किंवा लाखावी काय, प्रत तयार व्हायला काहीच लागत नाही, आणि ती ब्राझीलला पोचवायला ना ट्रॅक्टर लागतो ना तोडणीची टोळी. असा माल कुठल्या रानात पिकतो?

मग पैसा मुरतो कुठे? समजा, गेम ४९९ रुपयांना ठेवला. १८ टक्के जीएसटी वजा जाता उरतात सुमारे ४२३. स्टीमचे ३० टक्के गेले, की हातात २९६. अमेरिकेतल्या विक्रीवरचा कर आधी तिकडेच कापला जातो. शिवाय दोन तासांहून कमी खेळलेला गेम खरेदीपासून १४ दिवसांत परत करता येतो. इथेही १४ दिवसच, पण पैसे परत द्यायचे! दीड तासात संपणारा सुरेख गेम करणाऱ्याने काय करावं? त्यात २०२४ साली एकट्या स्टीमवर १८ हजारांहून अधिक गेम आले, म्हणजे रोजचे पन्नासच्या आसपास. त्या गर्दीत कुणाला दिसणं, हेच सगळ्यात महाग.

पैशांची ही ओढाताण पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या कंपनीने भोगलीय. ‘राजी’ या गेमसाठी त्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १ लाख २० हजार पौंड मागितले. तिथे ठरलेली रक्कम पुरी झाली नाही, तर काहीच मिळत नाही. त्यांची पुरी झाली नाही. पुढे प्रकाशक मिळाला, २०२० मध्ये गेम आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळालं. एरवी प्रकाशकाचे पैसे म्हणजे उचलच: बहुधा ती फिटेपर्यंत विक्रीतला मोठा वाटा त्याचा.

सोसायटी उसावर पीककर्ज देते. अर्ध्या लिहिलेल्या कोडला सातबारा नसतो. म्हणून बहुतेक जण दुसऱ्यांची कामं घेऊन स्वतःच्या गेमचे महिने विकत घेतात. इथे मात्र बारामतीचं पारडं जड आहे. घर स्वतःचं, डबा घरचा. बंगळुरूत वर्षभर पुरणारी शिल्लक इथे दोन वर्षं ओढता येते. आणि गेम एकदा लागला, की दर सेलमध्ये पुन्हा न लावता खोडवा येत राहतो.