हिमलोटाची वाट

डिसेंबर जवळ आला कीं माळ्यावरील सॅक खालीं उतरते आणि घरांत केदारकंठा, गुलमर्ग हीं नांवें ऐकूं येऊं लागतात. वडील माणसें लोकरी बंड्यांची व पायमोज्यांची चौकशी करतात. आम्हांस वाटतें, थंडीची चौकशी पुरेशी झाली. आतां उताराची करावी.

हिमलोट म्हणजे वरून अकस्मात् कोसळणारें संकट, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक प्रवासी ज्यांत सांपडतात, ते बहुतेक हिमलोट त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या भारानेंच सुटलेले असतात. बर्फ थरावर थर असा सांचतो. हिवाळ्याच्या आरंभीं तो पातळ असला आणि हवा अति थंड असली, म्हणजे तळचे कण दाणेदार साखरेसारखे सुटे होतात. मुठींत दाबले तरी त्यांचा गोळा वळत नाहीं. पुढें वारा त्यांवर घट्ट बर्फाची लादी आणून बसवितो. पाहणारास सर्व शुभ्र आणि भक्कम दिसतें. परंतु ती लादी साखरेवर ठेवलेली! एक पाऊल पडतें, तळचा थर खचतो आणि सबंध उतार चालूं लागतो.

असे उतार बहुधा ३० ते ४५ अंशांचे असतात. मुलांच्या कंपासपेटींतील गुण्याचा ३० अंशांचा कोन पाहावा. तो कांहीं कडा नव्हे. चढण्याजोगा, घसरत खेळण्याजोगा उतार तोच, हीच त्यांतील मेख. बर्फवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस अशा उतारापासून दूरच राहावें. पायाखालीं ‘धप्प’ असा पोकळ आवाज झाला किंवा पावलापासून भेग धांवत गेली, तर तत्काळ मागें फिरावें.

अनुभवानेंच सर्व भागतें असेंही नाहीं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं उत्तराखंडांतील द्रौपदी का दांडा या शिखरावर गिर्यारोहणाचे विद्यार्थी व शिक्षक हिमलोटांत सांपडले. २५ हून अधिक गेले. त्यांत सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत त्या एव्हरेस्ट चढून आल्या होत्या. आमचे तरुण सह्याद्रीचे कडे लीलया चढतात खरे. पण बर्फाविषयीं सह्याद्रि कांहींच शिकवीत नाहीं.

गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वांचतो. अर्धा तास लोटल्यावर आशा थोडी उरते. गांवांतून मदत येईपर्यंत ही मुदत संपते, म्हणून वांचविणारे सोबतचेच. प्रत्येकाच्या अंगावर ‘ट्रान्सीव्हर’ नांवाचें लहान बिनतारी यंत्र, पाठीवर शोधकाठी व फावडें असावें, आणि त्यांचा सराव असावा. तिघांत एक फावडें नेणें ही काटकसर नव्हे.

संरक्षण खात्याची ‘डीजीआरई’ ही संशोधनसंस्था हिमलोटाच्या धोक्याच्या सूचना प्रसिद्ध करते. त्या रोज कोणीं पाहावयाच्या, आणि परतावयाचें झाल्यास शब्द कोणाचा चालावयाचा, हें मुलांस निघण्यापूर्वींच विचारावें. भरलेले पैसे बुडतील या भीतीनें कोणी पुढें जाऊं नये, म्हणून तो तोटा घर सोशील, एवढें वडिलांनीं आधींच सांगून टाकावें.