दोन हौद आणि एक महासागर

विषुववृत्ताजवळ सूर्याची उष्णता भरपूर मिळते, ध्रुवांजवळ थोडी. ही असमान वाटणी काही अंशी सावरण्याचे काम वारे आणि समुद्र करीत असतात. यांपैकी समुद्राच्या कामाचा, आणि त्यातही अटलांटिक महासागराचा, आपण येथे विचार करणार आहोत.

अटलांटिकच्या पृष्ठभागावरून उबदार व खारट पाणी उत्तरेकडे जाते. ग्रीनलंड-आइसलंडच्या परिसरात ते आपली ऊब वाऱ्यांना देते, थंड व जड होऊन खाली बुडते आणि खोलातून दक्षिणेकडे परतते. २६.५ उत्तर अक्षांशावर हे अभिसरण २००४ सालापासून सतत मोजले जात आहे. त्याचे सरासरी मान दर सेकंदास सुमारे १७० लाख घनमीटर भरते. त्या अक्षांशावर अटलांटिक जी उष्णता उत्तरेकडे नेतो, ती एक-एक हजार मेगावॅटच्या सुमारे बारा लाख वीजकेंद्रांइतकी आहे. पश्चिम युरोपच्या सौम्य हिवाळ्याचे सारे श्रेय मात्र या प्रवाहाला देऊ नये; वाऱ्यांचा वाटाही मोठा आहे.

हे चक्र थांबू शकेल काय? महासागरावर प्रयोग करता येत नाही. म्हणून गणिती प्रतिकृती करावी लागते. १९६१ साली हेन्री स्टॉमेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने अवघे दोन हौद कल्पिले: एक उष्ण प्रदेशातला, दुसरा ध्रुवाकडचा, वरून व खालून जोडलेले. ध्रुवाकडे थंडी पाण्याला जड करते, तर पावसाचे व वितळत्या बर्फाचे गोडे पाणी त्याला हलके करते. या ओढाताणीचे गणित मांडता असे दिसले, की बाहेरची परिस्थिती तीच असताना प्रवाहाच्या दोन स्थिर अवस्था संभवतात: एक वेगवान, दुसरी मंद व उलट दिशेची. प्रवाह मंदावला की दक्षिणेकडून मीठ कमी येते. मीठ कमी झाले की पाणी आणखी हलके होते आणि प्रवाह आणखी मंदावतो. एक मर्यादा ओलांडली की चक्र कोलमडते; मग गोडे पाणी पूर्वीइतके कमी केले तरी ते लगेच सावरत नाही.

दोन हौद म्हणजे महासागर नव्हे, ही शंका रास्तच होय. १९६९ साली मानाबे व ब्रायन यांनी समुद्र व वातावरण यांची जोड प्रतिकृती सिद्ध केली. अशा प्रतिकृतीत समुद्राचे असंख्य कप्पे पाडून प्रत्येकाचे तापमान, क्षारता व वेग यांचा हिशोब संगणक करतो. १९८८ साली मानाबे व स्टाउफर यांना अशा मोठ्या प्रतिकृतीतही दोन स्थिर अवस्था आढळल्या. तथापि समुद्रातले कित्येक भोवरे कप्प्यांहून लहान असतात. ते हिशोबातून निसटतात व त्यांचा परिणाम अंदाजाने धरावा लागतो. म्हणूनच निरनिराळ्या प्रतिकृतींची उत्तरे जुळत नाहीत.

हवामानबदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२१ च्या अहवालात म्हटले, की या शतकात हे अभिसरण मंदावणे फार संभवनीय आहे. २१०० पूर्वी ते एकाएकी कोसळणार नाही, पण ही ग्वाही मध्यम खात्रीची आहे. ते कोसळलेच, तर उष्ण कटिबंधातील पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकेल आणि आशियातील मोसमी पाऊस दुबळा होईल, असेही त्या अहवालात आहे. तेव्हा हा प्रश्न युरोपपुरता नाही. मोसमी पावसावर पेरणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याचाही त्याच्याशी संबंध पोहोचतो, आणि म्हणून या मोजमापांकडे आपणही लक्ष ठेवले पाहिजे, असे आम्हांस वाटते.