दारू सुटल्यावर करमत का नाही?

दारू सोडलेल्या माणसाची पहिले पंधरा दिवस सगळे चौकशी करतात. हात थरथरतात का, जेवण जातं का, झोप लागते का. दोन-तीन महिन्यांनी चेहऱ्यावर तजेला येतो, पगार घरी पोचू लागतो आणि घरचे निर्धास्त होतात. नेमका त्याच सुमारास तो म्हणू लागतो, 'करमत नाही.' हे शब्द फारसं कोणी मनावर घेत नाही, पण ते घ्यायलाच हवेत. हा कंटाळा नीट समजून घेतला नाही, तर कष्टाने सोडलेली दारू पुन्हा सुरू होऊ शकते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो. या संकटातले बहुतेक लोक जे काही करतात ते घरच्या घरी, स्वतःच्या बळावर. पुढे कंटाळ्याचा काळ येणार आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून त्याबद्दलचे काही रूढ समज तपासून पाहू.

गैरसमज १ : दारू सुटली की आनंद आपोआप परत येतो. कंटाळा येत असेल तर सोडण्यातच काहीतरी चुकलं.

वस्तुस्थिती : कंटाळा हा बरं होण्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे. दारू मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची पातळी कृत्रिमरीत्या वाढवते. एखादी गोष्ट हवीशी वाटणं, तिच्याकडे मन ओढलं जाणं, यात डोपामिनचा मोठा वाटा असतो. वर्षानुवर्षं हा भडिमार झाला की मेंदू स्वतःला आवरून घेतो आणि त्याचा प्रतिसाद बोथट होतो. दारूवर अवलंबून असलेल्यांच्या मेंदूत डोपामिनचा संदेश घेणारे काही ग्राही (रिसेप्टर) कमी झालेले आढळतात, हे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसलं आहे.

दारू थांबते, पण हा बोथटपणा त्याच दिवशी जात नाही. गरम भाकरी, नातवाचं बोलणं, क्रिकेटची रंगलेली मॅच, सगळंच अळणी लागतं. झोपेची घडीही विस्कटलेली असते. हा काळ काही आठवडे, काहींच्या बाबतीत काही महिने चालतो आणि हळूहळू ओसरतो. या दिवसांत 'आता आयुष्यभर असंच राहणार' असं वाटतं. तसं नसतं, हे पीडित माणसाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

गैरसमज २ : कंटाळा ही रिकामटेकड्यांची तक्रार आहे. कंटाळ्यापायी कोणी पुन्हा पीत नाही.

वस्तुस्थिती : माणसाला रिकामा वेळ किती असह्य होतो, हे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवलं. त्यांनी लोकांना १५ मिनिटं एका खोलीत एकटं बसवलं. करायला काही नाही, सोबत फक्त स्वतःचे विचार आणि विजेचा सौम्य झटका देणारं एक बटण. तो झटका टाळायला आपण पैसेही मोजू, असं याच लोकांनी आधी सांगितलं होतं. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी बटण दाबून स्वतःला झटका दिला. ही सर्वसामान्य माणसांची गत. मग ज्याच्या मेंदूला 'वेळ जात नाही' या प्रश्नाचं एकच उत्तर वर्षानुवर्षं पाठ आहे, त्याचं काय होत असेल?

'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या मीटिंगांमध्ये चार अवस्थांपासून जपायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. कंटाळ्यात यातल्या दोन-तीन अवस्था एकदमच भेटतात. संध्याकाळचं खाणं हुकलेलं, अंग आंबलेलं आणि बोलायला कोणी नाही. अशा वेळी आधी काहीतरी पोटात घालावं आणि एखाद्या माणसाला फोन लावावा. उपाय साधा आहे, पण वेळ निभावून नेतो.

गैरसमज ३ : एखादा छंद लावून घेतला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : छंदाचा उपयोग होतोच, पण दारूने किती जागा अडवली होती ते आधी मोजायला हवं. दुपारपासून 'आज बसायचं' ही वाट पाहणं, पैशांची जुळवाजुळव, दुकानापर्यंतची फेरी, ठरलेले सोबती, चखणा, गप्पा, मग झोप आणि दुसऱ्या दिवशीचा जडपणा. दिवसाचे कितीतरी तास त्यात जात. म्हणजे दारूने माणसाला तीन गोष्टी दिल्या होत्या : वेळापत्रक, सोबत आणि वाट पाहण्याजोगं काहीतरी. नुसतं चित्रकलेचं साहित्य आणून दिल्याने या तिन्ही जागा भरत नाहीत.

हंट आणि अझ्रिन या अमेरिकन संशोधकांनी हे ओळखून १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांना नोकरी शोधायला मदत केली, घरातले संबंध सुधारण्यावर काम केलं आणि दारूविना चालणारा एक क्लब त्यांच्यासाठी उघडला. पुढच्या सहा महिन्यांत या गटातल्या लोकांचे पिण्यात गेलेले दिवस सुमारे १४ टक्के होते. फक्त रुग्णालयातले नेहमीचे उपचार मिळालेल्यांचे ७९ टक्के. दोन्ही गट आठ-आठ जणांचे, म्हणजे लहानच होते, पण त्यातून एक सबंध उपचारपद्धत उभी राहिली. तिचं सूत्र असं, की न पिणारं आयुष्य पिणाऱ्या आयुष्यापेक्षा अधिक हवंसं वाटलं पाहिजे.

आपल्याकडे वारकरी परंपरेत हे फार आधीपासून घडत आलं आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू आणि मांसाहार वर्ज्य. पण माळ नुसता निषेध सांगत नाही. तिच्याबरोबर संध्याकाळचं भजन येतं, टाळ धरणारे सोबती येतात, एकादशी येते आणि वर्षभर वाट पाहावी अशी आषाढीची वारी येते. वेळापत्रक, सोबत आणि प्रतीक्षा, तिन्ही एका ठिकाणी. श्रद्धेचा मार्ग प्रत्येकाचा असेल असं नाही. पण व्यायामशाळा, हौशी नाटकाची तालीम, रविवारचा गड, गावातलं वाचनालय यांपैकी काहीही निवडताना या तीन कसोट्या लावून पाहाव्यात. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, इतर माणसांबरोबर होणारी गोष्ट एकट्याने करायच्या छंदापेक्षा जास्त टिकते.

गैरसमज ४ : मन लागेल तेव्हा करू. इच्छा नसताना केलेल्या गोष्टीत काय अर्थ?

वस्तुस्थिती : इथे क्रम उलटा आहे. मेंदू बोथट असताना इच्छा आधी येत नाही. कृती आधी करावी लागते, रस मागाहून येतो. नैराश्यावरच्या एका प्रभावी उपचाराचा पायाच हा आहे. म्हणून पहिल्या दिवसांत 'मजा आली का?' हा प्रश्न स्वतःला विचारू नये. 'ठरलं होतं ते केलं का?' एवढंच पाहावं.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवसांचा निवासी उपचार आहे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीतून डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये हे केंद्र सुरू केलं. तिथे दिवस आखलेला असतो, इच्छेची वाट पाहावी लागत नाही. घरी परतल्यावर ही आखणी संपते आणि खरी परीक्षा सुरू होते. तेव्हा हाताला लागलेला छंद उपयोगी पडतो. अनिल अवचट स्वतः लाकडात शिल्पं कोरत, कागदाच्या घड्यांतून प्राणी घडवत, बासरी वाजवत. त्यांचं 'छंदांविषयी' हे पुस्तक म्हणूनच या विषयाशी नातं सांगतं.

गैरसमज ५ : जुन्या मित्रांत बसायला हरकत नाही, आपण थंड पेय घ्यायचं.

वस्तुस्थिती : पहिल्या काही महिन्यांत हरकत आहे. तोच ढाबा, तोच शेंगदाण्यांचा वास, ग्लासांचा तोच आवाज या सगळ्या खुणा मेंदूने दारूशी जोडून ठेवलेल्या असतात. त्या दिसताच तलफ जागी होते. मैत्री तोडायची गरज नाही. मित्राला सकाळी टेकडीवर किंवा चहाला भेटता येतं. दारूशिवाय जो भेटायलाच तयार होत नाही, त्याच्या मैत्रीत दारूचा वाटा किती होता हेही मग कळतं. आषाढ संपतानाची गटारी, लग्नाची वरात, ३१ डिसेंबरची रात्र, हे दिवस आधीच ठाऊक असतात. त्या रात्री कुठे असायचं, कोणासोबत असायचं, हे आठवडाभर आधी ठरवून ठेवावं.

गैरसमज ६ : तलफ एकदा उठली की प्यायल्याशिवाय थांबत नाही.

वस्तुस्थिती : तलफ लाटेसारखी चढते, टोकाला जाते आणि ओसरते. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत तिचा जोर उतरतो. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी तिच्याशी झुंजण्याऐवजी तिच्याकडे पाहत राहायला शिकवलं : घसा कोरडा पडतोय, छाती भरून येतेय, आता थोडं कमी झालं. तेवढ्या वेळात जागा बदलावी, अंघोळ करावी, भाजी आणायला बाहेर पडावं. पाय घसरलाच, तर 'आता सगळं गेलं' असं मानून पीत राहणं सर्वांत घातक. एका दिवसाच्या चुकीमुळे मागचे महिने वाया जात नाहीत. त्याच दिवशी कोणाला तरी सांगून पुन्हा थांबावं.

गैरसमज ७ : कंटाळा घालवायला मोबाइल आहेच.

वस्तुस्थिती : पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, सट्टा, तासन्‌तास पाहिलेले छोटे व्हिडिओ, या गोष्टीही झटपट मोबदल्याच्या त्याच वाटेने मेंदूला खेचतात. एक व्यसन सुटून दुसरं जडल्याची उदाहरणं व्यसनमुक्तीच्या कामात नेहमी दिसतात. जे केल्यावर शरीर थकतं, माणसं भेटतात किंवा हातून काही घडतं, ते निवडावं.

गैरसमज ८ : यात डॉक्टरांचं काय काम?

वस्तुस्थिती : रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जिवालाही धोका असतो. म्हणून सोडण्याची सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. पुढेही, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, अपराधी वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर तो नुसता कंटाळा नसून नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६, या दोन्ही सरकारी क्रमांकांवर मोफत मदत मिळते. दारू पिणाऱ्या स्त्रियांना बदनामीच्या भीतीने मदत मागणं अधिकच अवघड जातं. त्यांच्यासाठी फोनवरची ही सोय विशेष मोलाची आहे.

शेवटी घरच्यांसाठी. 'दारू सोडलीस ना, मग तोंड पाडून का बसतोस?' असं म्हणू नका. आधी तो दारूच्या गुत्त्यावर होता आणि आता घरात बसून कंटाळतोय, ही प्रगतीच आहे. त्याच्याकडून लगेच आनंदाची अपेक्षा धरू नका, पण घरातली एखादी खरी जबाबदारी त्याच्याकडे विश्वासाने सोपवा : मुलीला शिकवणीहून आणणं, बँकेची कामं, आठवड्याचा बाजार. आणि सोडणाऱ्याने आजच कागद घेऊन येत्या सात संध्याकाळी लिहून काढाव्यात. प्रत्येकीपुढे एक काम आणि एका माणसाचं नाव. पुढच्या रविवारी त्याच कागदाच्या मागे पुढचे सात दिवस लिहावेत.