भीति आणि ध्येय

भीति हुसकून लावूं म्हटल्यानें जात नाहीं. मनाला दुसरें काम द्यावें लागतें. नागपुरास कायदा शिकून वरोड्यास वकिली करणारे मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे यांचें उदाहरण पाहावें. आगगाडींत एका नववधूची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांशीं ते एकटे भिडले, म्हणून गांधीजींनीं त्यांस ‘अभय साधक’ म्हटलें. पुढें पावसांत पडलेला तुळशीराम नांवाचा कुष्ठरोगी दिसतांच हाच निर्भय पुरुष पळत सुटला!

त्या पळण्याची लाज त्यांस स्वस्थ बसूं देईना. ते परतले व त्यांनीं त्याची शुश्रूषा केली. ‘हा रोग मला जडेल काय?’ हा प्रश्न मागें पडून ‘रोग्याला उभें कसें करावें?’ हा प्रश्न पुढें आला. 1949 सालीं त्यांनीं कलकत्त्यास या रोगाचें शास्त्रीय शिक्षण घेतलें. (कुष्ठ फार मंदपणें पसरतो आणि आज औषधांनीं पूर्ण बरा होतो, भीति पुष्कळदां अज्ञानावरच पोसलेली असते.)

1951 सालीं वरोड्याजवळच्या खडकाळ माळावर 6 रोगी, 1 लंगडी गाय व 14 रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू झालें. पहिलें ध्येय साधें होतें: पाणी. समाजानें टाकलेलीं माणसें विहीर खणूं लागलीं, शेत पिकवूं लागलीं. तेथील भाजी विकत घेण्यास लोक मात्र प्रथम बिचकतच होते.