जुना ट्रॅक्टर, भाग ९ : पंप गेला, असं म्हणण्याआधी

गेल्या भागात क्लचची घसरण पाहिली. आज मागं सरकू, सीटखालच्या लिफ्टकडे.

हायड्रोलिकच्या बाबतीत गावात एकच निदान चालतं. नांगर उचलत नाही? पंप गेला. उचललेला रोटाव्हेटर बांधावर पोचेपर्यंत टेकतो? पंप गेला. मीही एकदा या निदानाला पैसे मोजले आहेत. नवा पंप बसला, नवं तेल भरलं आणि नांगर आधीसारखाच खाली बसत राहिला. गळत होती ती स्टँड पाइपची ओ-रिंग. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : पंपाला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

उदाहरण मॅसी १०३५ चं घेतो. हा ट्रॅक्टर आपल्याकडे गावोगाव आहे आणि त्याची लिफ्ट थेट फर्ग्युसनच्या घराण्यातली आहे. हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला बनू लागला. त्याच्या पोटातल्या लिफ्टची मूळ रचना पुढं बरीच वर्षं टिकली. पंप बाहेर दिसत नाही. तो मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो, पीटीओच्या शाफ्टवर फिरतो आणि त्यात चार पिस्टन असतात. तेच तेल गिअरला आणि तेच डिफरन्शियललाही. म्हणजे गिअरचा चुरा झाला की त्याची झळ लिफ्टलाही.

म्हणून आधी तेल. डिपस्टिक काढा, तेल बोटावर घ्या. ताकासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरचं हे नेहमीचं दुखणं. फेस दिसला तर पंप तेलाबरोबर हवा ओढतोय, आणि बहुतेक वेळा कारण साधं असतं : तेल कमी. सकाळी गार असताना लिफ्ट सुस्त आणि तापल्यावर बरी, तर तेल गरजेपेक्षा जाड आहे किंवा जाळी तुंबलीय. याच्या उलट, सकाळी झकास आणि दुपारी तेल पातळ झालं की दम सुटतो, तर मात्र आत कुठंतरी झीज आहे किंवा गळती आहे.

मग लिव्हर. हसू नका. सेकंडहँड ट्रॅक्टर घेतलेल्या निम्म्या लोकांना दोन लिव्हरमधला फरक कुणी सांगितलेलाच नसतो. पोझिशनचा लिव्हर वापरायचा तर ड्राफ्टचा लिव्हर पूर्ण वर हवा. तो खाली राहिला तर पोझिशनचा लिव्हर ओढून काही होत नाही. सिंगल क्लचच्या गाडीत क्लच दाबून धरला की पंपही थांबतो. क्लचवर पाय ठेवून ‘उचलत नाही’ म्हणणारे मी पाहिलेत. टॉप लिंक जिथं अडकते तिथली स्प्रिंगही हातानं पुढं-मागं ओढून पाहा. ती खुळखुळत असेल तर नांगराची खोली स्थिर राहणार नाही आणि बोल पुन्हा पंपालाच लागेल.

आता खरी गंमत. उचललेलं अवजार, इंजिन चालू असताना, मान हलवल्यासारखं थोडं खाली-वर होत राहतं. हे का होतं ते कळलं की अर्धी दुरुस्ती झाली. या लिफ्टमध्ये झडप तेल ओढण्याच्या बाजूला आहे. हात हव्या त्या उंचीला पोचले की झडप मिटते. पंप फिरतोच, पण त्याला तेल मिळत नाही. सिलिंडरमध्ये अडकलेल्या तेलावर सगळं वजन तोललेलं असतं. ते तेल कुठून झिरपलं की हात बोटभर खाली येतात. आतल्या दांड्यांना ते कळतं, त्या झडप उघडतात, पंप तेल भरतो, हात वर. पुन्हा झिरपलं, पुन्हा भरलं. थोडक्यात, मान हलवणाऱ्या ट्रॅक्टरचा पंप चांगला काम करतोय. तक्रार गळतीची आहे.

गळती शोधायची एक जुनी रीत आहे. अवजार उचला, इंजिन बंद करा, थोडं तेल काढून हाउसिंगच्या बाजूचं झाकण उघडा आणि आत बॅटरीचा झोत टाका. सिलिंडरच्या तोंडातून तेल ठिबकत असेल तर पिस्टनची सील गेली. त्यासाठी वरचं झाकण चेन पुलीनं उचलावं लागतं. उभ्या पाइपच्या बुडाशी धार दिसली तर ती ओ-रिंग, आणि तो पाइप वरून निघतो, सगळं खोलावं लागत नाही. पंपाच्या अंगातूनच तेल येत असेल तेव्हाच पंपाची पाळी. मात्र हे बघताना कुणीही अवजाराखाली किंवा लिंकांच्या मध्ये जायचं नाही. बंद ट्रॅक्टरची लिफ्टही अचानक बसते.

रिकामे हात उचलतात पण पलटी नांगर लावला की थबकतात, तर रिलीफ व्हॉल्व्ह ढिला पडलाय किंवा पंप झिजलाय. इथं प्रेशर गेज लावल्याशिवाय कुणाचं ऐकू नका. उचलताना ठराविक लयीत झटके बसत असतील तर चार पिस्टनपैकी एखाद्याची झडप चिकटली असण्याचा संभव मोठा.

ट्रॉली उचलण्यासाठी बाहेर पाइप काढले असतील तर तेही पाहा, पण गळकी जागा कधी हात फिरवून शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून दाबानं येणारं तेल कातडीत घुसतं. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते आणि बोट कापावं लागतं. पुठ्ठा धरा. लागलंच तर दुखत नाही म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या आठवड्यात स्टिअरिंगची ढिलाई. तोवर ज्यांच्या घरी अशी लिफ्ट आहे त्यांनी संध्याकाळी काम आटोपल्यावर, गरम तेलावर, नांगर उचलून इंजिन बंद करावं आणि तो टेकायला किती मिनिटं लागतात ते भिंतीवर खडूनं लिहून ठेवावं. मिस्त्री आला की आधी तो आकडा दाखवा.