माउथ ऑर्गनचा षड्ज कोठे?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात पेटीची ओळख करून देण्याचे कारण नाही. गायन समाजासारखी जुनी संस्था कल्याणात आहे, आणि गाणे शिकणारी लहान मुलगीही आपली पट्टी ‘काळी चार’ की ‘पांढरी पाच’ हे न अडखळता सांगते. परंतु त्याच घरात माउथ ऑर्गन आला म्हणजे मोठी माणसेही घोटाळ्यात पडतात. वाद्याच्या पत्र्यावर इंग्रजी अक्षर कोरलेले असते. तोच षड्ज, असे गृहीत धरून ते पेटीबरोबर वाजवू लागतात. साध्या, मेजर मेळाच्या वाद्यावर हे निभून जाते. मायनर मेळाचे वाद्य मात्र पेटीशी जमत नाही, आणि मग ते बिघडलेले आहे अशा समजुतीने कपाटात जाऊन पडते. वस्तुतः ते बहुधा धडधाकट असते.

माउथ ऑर्गन हे पेटीचेच भावंड होय. दोहोंत वाऱ्याने कंप पावणाऱ्या धातूच्या जिभा असतात. भेद इतकाच की दहा छिद्रांच्या माउथ ऑर्गनमध्ये प्रत्येक छिद्राला दोन स्वर असतात. एक फुंकल्यावर निघतो, दुसरा श्वास आत ओढल्यावर. साध्या वाद्यात चौथे छिद्र फुंकले की सा, ओढले की रे. पाचव्यात ग आणि म. सहाव्यात प आणि ध. सातव्यात क्रम उलटतो: ओढल्यावर नि, फुंकल्यावर तार षड्ज. एवढे एकच सप्तक पूर्ण आहे. खालच्या सप्तकात मध्यम व धैवत नाहीत, वरच्यात निषाद नाही. कारखानदाराने हे विसरून केलेले नाही; खाली फुंकताना सा, ग, प आणि ओढताना प, नि, रे यांची एकत्र साथ मिळावी म्हणून केलेली ती योजना आहे.

आता मुख्य गोष्ट. कोरलेले अक्षर वाद्याची जात सांगते. षड्ज कोठे मानावयाचा हे वादकाने ठरवावयाचे असते. ह्या निवडीला वादक ‘पोझिशन’ म्हणतात. आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात ती हीच कल्पना. पेटीच्या केवळ पांढऱ्या पट्ट्या घेऊन पाहावे. पांढरी एक षड्ज मानली तर बिलावल थाट; ही पहिली पोझिशन. तिचा पंचम षड्ज केला की निषाद कोमल होऊन खमाज, ही दुसरी. असेच पंचमापंचमाने पुढे गेले की काफी, आसावरी, भैरवी ओळीने येतात. उलट मध्यमाला षड्ज केले तर कल्याण थाट. कल्याणकरांनी एवढे तरी लक्षात ठेवावे! भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा अशा रीतीने एकाच वाद्यातून निघतात.

मग मायनर वाद्य निराळे कशाला? कारण साध्या वाद्यावर आसावरी काढू गेल्यास तिचा षड्ज धैवतावर येतो, आणि खालच्या सप्तकात धैवतच नाही. म्हणून कारखानदारांनी जिभाच बदलल्या. ‘नॅचरल मायनर’ नावाच्या प्रकारात गंधार व निषाद कोमल केलेले असतात. पहिल्या पोझिशनमध्ये काफी आणि दुसरीत आसावरी मिळते. ‘हार्मोनिक मायनर’मध्ये गंधार व धैवत कोमल, निषाद शुद्ध, हे कीरवाणीचे स्वर होत. त्याच वाद्याचा पंचम षड्ज मानला तर बसंतमुखारीचे स्वर हाती येतात.

घोटाळा होतो तो येथे. ली ऑस्कर यांच्या नावाने निघणाऱ्या वाद्यांत नॅचरल मायनरवरील अक्षर दुसऱ्या पोझिशनचे असते आणि हार्मोनिक मायनरवरील पहिल्या. सर्व कारखानदार हीच रीत पाळतात असेही नाही. समजा, नॅचरल मायनरवर ‘जी मायनर’ असे कोरले आहे. जी म्हणजे पांढरी पाच. नवखा मुलगा पहिले छिद्र फुंकतो आणि निघते पांढरी एक! त्याने षड्ज मानला तो खरोखर मध्यम आहे; खरा षड्ज दुसरे छिद्र ओढल्यावर मिळतो. यास्तव नवे वाद्य हाती येताच पहिले छिद्र फुंकून तो स्वर पेटीवर शोधावा. तो अक्षराशी जुळला तर अक्षर पहिल्या पोझिशनचे. अक्षर त्याचा पंचम निघाले तर दुसऱ्या पोझिशनचे.

पेटीला नभोवाणीवर १९४० ते १९७१ बंदी होती. तिच्यातून मींड निघत नाही हा एक मोठा आक्षेप होता. ह्या धाकट्या भावंडात, ओढलेला स्वर जिभेच्या व घशाच्या ठेवणीने खाली वाकविता येतो. दुसऱ्या पोझिशनचा षड्ज ओढीचाच असल्यामुळे ती पोझिशन वादकांना प्रिय आहे. भैरव किंवा तोडीचा हट्ट मात्र ह्या वाद्यांवर धरू नये.

आरंभासाठी मी मालकंस सुचवीन. नॅचरल मायनरवर दुसरे छिद्र ओढून सा, तिसरे ओढून कोमल ग, चौथे फुंकून म, पाचवे फुंकून कोमल ध, तेच ओढून कोमल नि, आणि सहावे फुंकून तार सा. चौथे छिद्र तेवढे ओढू नये. तेथे पंचम बसलेला आहे.